दिनविशेषात शेतकरी कुठे आहे?

जिल्हा परिषदेची कुठलीही शाळा घ्या. घंटा होते, पोरे रांगेत उभी राहतात. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना झाली, सुविचार झाला, की एखादी पोरगी पुढे येते आणि वहीतून 'आजचा दिनविशेष' वाचते. कोण जन्मले, कोण वारले, कुठे लढाई झाली, कुठला शोध लागला. मग गुरुजी दोन-तीन प्रश्न विचारतात. ज्याला तारीख सांगता आली त्याला टाळ्या मिळतात आणि पोरे वर्गात जातात. पाच मिनिटांचा कार्यक्रम. घरी आल्यावर तेच भिंतीवरच्या कॅलेंडरवर, तेच वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात, आणि आता तेच मोबाइलवर रोज सकाळी फुलांच्या चित्रासकट. आमच्या कोल्हापुरात गल्लोगल्ली अभ्यासिका झाल्या आहेत. तिथे तुमच्या-आमच्या घरची, एमपीएससीच्या आशेवर आलेली पोरे रात्री बारापर्यंत याच तारखा घोकत बसतात.

शेतकऱ्यांच्या पत्रकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. कापसाचे भाव सोडून हा दिनविशेष काय काढला? काढला, कारण गावातल्या बहुतेक माणसांच्या वाट्याला येणारा इतिहास एवढाच असतो. शाळा सुटल्यावर इतिहासाचे पुस्तक कोण उघडतो? हिशेब करून पाहा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवी वर्षाला २०० दिवस आणि सहावी ते आठवी २२० दिवस शाळा भरलीच पाहिजे. म्हणजे आठवी होईपर्यंत आपले पोर १,६६० वेळा दिनविशेष ऐकते. यातले किती त्याच्या बापाबद्दल असतात? आज्याबद्दल? ज्या जमिनीवर त्याचे घर चालते, त्या जमिनीबद्दल किती?

एक तारीख घेऊ. ६ एप्रिल. परीक्षा तोंडावर असतात, सकाळची शाळा असते. दिनविशेष वाचला जातो: १८९६ साली अथेन्सला आधुनिक ऑलिंपिक सुरू झाले. १९३० साली गांधीजींनी दांडीला मीठ उचलले. १९८० साली भारतीय जनता पक्षाची स्थापना झाली. सगळे खरे आहे, आणि दांडी तर वाचलीच पाहिजे. पण १९८१ च्या ६ एप्रिलला कोल्हापूरपासून चाळीसेक किलोमीटरवर निपाणीत काय झाले? तंबाखूला भाव मिळावा म्हणून १४ मार्चपासून पुणे-बंगळूर रस्त्यावर बायकापोरांसह बसलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांची गोळी चालली. माणसे मेली. तंबाखू पिकवणाऱ्याला काय मिळते आणि विडी विकणाऱ्याला काय मिळते, एवढाच त्यांचा प्रश्न होता. मिठावरचा कर आणि तंबाखूचा भाव या दोन गोष्टी एकाच तारखेला येतात, आणि पोराला त्यातली एकच माहीत होते. निपाणीत शिकणाऱ्या पोराला तरी दुसरी माहीत असते का, हे तिकडच्या कार्यकर्त्यांनी शाळेत जाऊन विचारून पाहावे.

दुसरी घ्या, १२ डिसेंबर. या दिवशी वर्तमानपत्रांची पाने वाढदिवसाच्या जाहिरातींनी फुगतात. शरद पवारांचा जन्म १९४० चा, गोपीनाथ मुंडे यांचा १९४९ चा, तारीख हीच. १९११ साली याच दिवशी दिल्ली दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला नेण्याची घोषणा झाली, तो प्रश्न परीक्षेत हमखास येतो. रजनीकांतचा वाढदिवसही याच दिवशी असतो, तो पोरांना न शिकवता पाठ असतो. आणि १९३० साली याच दिवशी मुंबईत काळबादेवीला, विलायती कापडाने भरलेला ट्रक अडवण्यासाठी एक गिरणी कामगार आडवा पडला आणि ट्रक त्याच्या अंगावरून गेला. बाबू गेनू. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा, शेतकऱ्याच्या घरचा. त्याचे नाव दिनविशेषात असते, मी नाकारत नाही. 'स्वातंत्र्यसैनिक बाबू गेनू हुतात्मा झाले' एवढी ओळ असते. पण ते कापड कुठल्या कापसाचे होते, तो कापूस कोणाच्या रानातून कच्चा गेला आणि पक्का होऊन कोणाच्या भावात परत आला, हे त्या ओळीत नसते. शेतकरी संघटनेने म्हणूनच हा दिवस आपला मानला. आणि योगायोग असा, की शरद जोशी गेले तेही १२ डिसेंबरलाच, २०१५ साली.

तिसरी, १ एप्रिल. पोरांना एप्रिल फूल ठाऊक असते. हुशार पोराला ठाऊक असते की १९३५ साली रिझर्व्ह बँक सुरू झाली आणि १९५७ साली नवे पैसे आले, आणे गेले. १९५७ च्या त्याच १ एप्रिलला पश्चिम महाराष्ट्रात कुळकायद्याप्रमाणे कृषकदिन होता. त्या दिवशी जमीन कसणारे कूळ कायद्याने मालक मानले गेले. (मराठवाड्याला हैदराबादचा १९५० चा कायदा लागू होता आणि विदर्भाचा १९५८ चा वेगळा, त्यामुळे तिकडच्या मित्रांनी आपापली तारीख तपासून घ्यावी.) ज्याच्या सातबाऱ्यावर आज नाव आहे, त्यातल्या कितीतरी जणांचे नाव त्या एका तारखेने चढले. कितीतरी जणांचे चढलेही नाही, कारण मालकाने आधीच राजीनामा लिहून घेतला होता. नव्या पैशावर प्रश्न विचारतात आणि सातबाऱ्यावर विचारत नाहीत, याला काय म्हणावे?

मला इथे कापसाची एक गोष्ट सविस्तर सांगायची आहे, कारण तारीख पाठ करणे आणि तारीख समजणे यातला फरक तिच्यात दिसतो.

१२ एप्रिल १८६१. दिनविशेषात असते: 'अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले.' ११ एप्रिलला जोतिरावांची जयंती होते, १४ ला बाबासाहेबांची, मधल्या दिवशी ही ओळ कोणीतरी वाचतो. पोर म्हणते, अमेरिका कुठे आणि आपण कुठे. पण त्या युद्धाने इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेच्या दक्षिणेकडून जाणारा कापूस थांबला. लँकेशायरचे माग बंद पडू लागले. मग त्यांना खानदेश, वऱ्हाड आणि दख्खन आठवले. कापसाचे भाव असे चढले की मुंबईत सोन्याचा पूर आला. प्रेमचंद रायचंद यांची दलाली त्याच काळातली, आणि मुंबई विद्यापीठातल्या राजाबाई टॉवरला त्यांनी दिलेली देणगीही त्याच तेजीतली. 'राजाबाई टॉवर कोणाच्या देणगीतून उभा राहिला?' हा प्रश्न मी स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात पाहिला आहे. कोणाच्या कापसातून उभा राहिला, हा मात्र कुठे पाहिला नाही.

तेजी आली तसा सावकारही उदार झाला. ज्याला कोणी दारात उभे करत नव्हते, त्यालाही कर्ज मिळू लागले. शेतकऱ्याने घेतले, कापूस वाढवला. मग आली ९ एप्रिल १८६५. जनरल ली शरण गेला, युद्ध आटोपले. तीही तारीख दिनविशेषात असते. अमेरिकेचा कापूस पुन्हा निघाला आणि आपल्याकडचे भाव कोसळले. मुंबईत त्याच वर्षी शेअरबाजार बुडाला, ते सगळ्यांनी लिहून ठेवले. शेतकरी बुडाला तो हळूहळू बुडाला. सावकाराने हात आखडला, जुने कर्ज व्याजासकट फुगत गेले, आणि सरकारने नेमक्या त्याच दशकात इंदापूरसारख्या कोरडवाहू तालुक्यांत साऱ्याची फेरआकारणी करून सारा वाढवला. भाव खाली, सारा वर, कर्ज मानेवर.

याच्या दहा वर्षांनंतरची तारीख १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या घरातून कर्जखते आणि वह्या बाहेर काढून जाळल्या. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावोगाव पसरले. विशेष हे, की माणसांच्या जिवावर उठणे फारसे कुठे झाले नाही. लोकांना हवे होते ते कागद. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली शेतकऱ्यांच्या कर्जाबद्दलचा दख्खनचा कायदा आला. मधल्या १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनमध्ये महादुष्काळ पडला. राजाबाई टॉवर बांधून पुरा झाला तो १८७८ सालीच. १८८३ मध्ये जोतिरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तो या सगळ्याच्या पाठोपाठ.

आता सांगा, १२ एप्रिल १८६१, ९ एप्रिल १८६५ आणि १२ मे १८७५ या तीन तारखा आहेत की एकाच दोरीच्या तीन गाठी? दिनविशेष त्या तिन्ही सुट्या करतो. पहिल्या दोन 'जग' या सदरात जातात. तिसरी मे महिन्यात येते, शाळेला सुट्टी असते, म्हणून परिपाठात येतच नाही. पोराला वाटते, युद्ध ही राजांची गोष्ट आणि कर्ज ही आपल्या बापाच्या व्यसनाची गोष्ट. कापसाचा भाव यवतमाळच्या किंवा परभणीच्या बाजारात ठरत नाही, दीडशे वर्षांपूर्वीही तो तिथे ठरत नव्हता, हे समजायला त्याला फक्त या तीन तारखा एकाखाली एक लिहून दाखवल्या तरी पुरे.

आणि हे जुने झाले असे समजू नका. १९ ऑगस्ट हा जागतिक छायाचित्र दिन म्हणून वाचला जातो. २०२५ साली त्याच दिवसापासून केंद्र सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क काढून टाकले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवले. आपली बोंडे फुटायच्या तोंडावर. २०२२ सालीही असेच शुल्क उठवले होते, ते १४ एप्रिलपासून. येत्या काही वर्षांत परिपाठात १९ ऑगस्टला काय वाचले जाणार, छायाचित्र दिन की आयातशुल्क? हे तुम्ही-आम्ही आत्ता काय लिहून ठेवतो यावर ठरेल.

मी कोल्हापुरात बसून कापूस-ज्वारीवाल्यांना हे सांगतो आहे, याचे कोणाला हसू येईल. उसाच्या फडात राहणाऱ्याने कोरडवाहूची उठाठेव का करावी? पण राजर्षी शाहूंनी इथे १९०६ साली सूतगिरणी आणि कापडाची गिरणी उभी केली, शेजारच्या इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला, आणि दोन्हीकडे जो कापूस कातला-विणला गेला तो या पंचगंगेकाठी पिकलेला नव्हता. शाहूंवरून आणखी एक गोष्ट निघते. २६ जुलै १९०२ ला त्यांनी करवीर राज्यात मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्याचा हुकूम काढला. २६ जून हा त्यांचा जन्मदिवस आज राज्यभर सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो आणि परिपाठात आदराने वाचला जातो. हे आपोआप झालेले नाही. लोकांनी मागितले, लावून धरले, सरकारला मान्य करावे लागले. शिवरायांच्या जन्मतारखेचा वाद किती वर्षे चालला! शेवटी २००१ साली राज्य सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख धरली, आणि तरीही तिथीवाले तिथीने करतातच. दरवर्षी कोणाकोणाच्या जयंत्या कार्यालयांत साजऱ्या करायच्या याचे परिपत्रक मंत्रालयातून निघते. म्हणजे दिनविशेष आकाशातून पडत नाही. कोणीतरी तो ठरवतो. ज्याने ठरवला त्याला जे महत्त्वाचे वाटले ते त्यात आले.

सरकारने शेतकऱ्यांसाठी दिवस ठेवलेच नाहीत असेही नाही. १ जुलै हा वसंतराव नाईकांच्या जयंतीचा कृषिदिन. २३ डिसेंबर हा चरणसिंगांच्या जयंतीचा किसान दिन. २०१९ पासून ७ ऑक्टोबरला जागतिक कापूस दिन निघाला आहे. ज्वारीच्या वाट्याला तर २०२३ हे अख्खे भरडधान्य वर्ष आले होते. या दिवशी काय होते? झाड लावतात, प्रगतिशील शेतकऱ्याला शाल देतात, साहेब भाषण करतात आणि भाव सोडून सगळ्यावर बोलतात. २२ मार्चला जागतिक जलदिन होतो आणि शाळेच्या दारातच टँकरसाठी घागरींची रांग लागलेली असते. असे दिवस पाळू नका असे मी म्हणत नाही. पण ज्या दिवशी काहीच घडले नाही तो दिवस आपल्या नावाने दिला, आणि ज्या दिवशी घडले तो आपल्यापासून काढून घेतला, एवढे तरी लक्षात घ्या.

आता १९ मार्च. आचार्य कृपलानींची पुण्यतिथी वाचली जाते. १९८६ च्या १९ मार्चला यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी पवनारजवळ पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले. गावचे अनेक वर्षांचे सरपंच, गाणे-बजावण्याचे शौकीन, चांगली जमीन असलेला माणूस. शेतकऱ्याची जाहीर नोंद झालेली पहिली आत्महत्या म्हणून ती सांगितली जाते. २०१७ पासून या दिवशी किसानपुत्र आंदोलनाच्या हाकेवरून ठिकठिकाणी लोक उपवास करतात. हे लहान मुलांच्या परिपाठात सांगावे का, यावर शिक्षकांशी माझे बोलणे झाले आहे. माझे मत असे, की प्राथमिकच्या पोरांना सांगू नये. ज्यांच्या घरात आधीच ओझे आहे त्यांच्या मनावर ते आणखी टाकू नये. मोठ्यांनी मात्र त्या दिवशी गावात एकत्र बसावे, आणि गावात कोणाचे घर अडचणीत आहे ते नावानिशी विचारावे. पुतळ्याला हार घालून घरी जाण्यापेक्षा ते अधिक उपयोगाचे आहे. हा आजार आपल्याही चळवळीला लागला आहे हो, हार आणि पुण्यतिथ्यांचा!

१८ जूनवर आपल्यातच दोन मते आहेत. १९५१ साली या दिवशी पहिली घटनादुरुस्ती अमलात आली, घटनेला नववे परिशिष्ट जोडले गेले आणि त्यात टाकलेल्या कायद्यांना न्यायालयापासून संरक्षण मिळाले. काही मित्र हा शेतकऱ्याच्या पारतंत्र्याचा दिवस मानतात. काही म्हणतात, त्याच आधाराने जमीनदारी गेली आणि कुळांना जमीन मिळाली. दोन्ही बाजूंना सांगण्यासारखे आहे. माझे म्हणणे एवढेच, की वाद घालायचा तरी तारीख माहीत हवी. परीक्षेला बसणारी पोरे १८ जूनला वॉटर्लूची लढाई सांगतात आणि थांबतात.

'तारखांनी भाव वाढतो का?' हा प्रश्न मला बैठकीत विचारला गेला. विचारणारा भला माणूस होता, मी त्याला उलट विचारले, की तुमचे कर्ज माफ झाले का? नाही म्हणाला. का नाही? तारखेत बसलो नाही म्हणाला.

हेच सांगतो आहे. २९ फेब्रुवारी २००८ ला संसदेत कर्जमाफी जाहीर झाली. (२९ फेब्रुवारीला कोणता पंतप्रधान जन्मला? मोरारजी देसाई. हे सगळ्यांना येते.) त्या माफीत ३१ मार्च २००७ पर्यंत वाटलेले आणि ३१ डिसेंबर २००७ ला थकलेले कर्ज धरले. शिवाय पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच्यालाच. पाच एकर बागायतवाला आत आणि आठ एकर मुरमाड कोरडवाहूवाला बाहेर, त्याला फक्त चौथा हिस्सा, तोही बाकीचे तीन हिस्से भरले तर. विदर्भात त्या वेळी जो संताप झाला तो त्या एका आकड्याचा आणि त्या दोन तारखांचा होता. २०१९ च्या डिसेंबरात महात्मा फुल्यांच्या नावाची योजना आली, तिच्या तारखा वेगळ्या: १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ मधले कर्ज, ३० सप्टेंबर २०१९ ला थकलेले, दोन लाखांपर्यंत. ज्याने बायकोचे डोरले मोडून सप्टेंबरच्या आधी भरले, तो या यादीतून गेला. या तारखा कोण ठरवतो, त्या ठरताना आपण कुठे असतो?

विम्याचेही तेच. २०१६ ला सुरू झालेल्या पीकविम्यात गारपीट झाली, शेतात पाणी तुंबले, तर ७२ तासांत कळवायचे असा नियम कित्येक वर्षे चालला. किती जणांचे दावे 'उशिरा कळवले' म्हणून गेले? २०२३ चा ऑगस्ट आठवतो ना? १९०१ पासूनच्या नोंदीत देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. त्या वेळी २१ दिवसांचा खंड पडला की नाही यावर अग्रिम रक्कम अडली. खंड आपल्या रानात पडला होता, पण मोजले गेले मंडळाच्या यंत्रात. गावात कोणाकडेही लिहिलेली तारीख नव्हती. कृषी पदवीधर म्हणून मी इतकी वर्षे 'पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय कापूस लावू नका' असे सांगत फिरलो. पण पाऊस कोणत्या दिवशी किती झाला, हे चार आण्याच्या वहीत लिहा, हे त्याहून आधी सांगायला हवे असे आता वाटते.

आपल्या लोकांना तारखेची सवय नाही, असे शहरातले म्हणतात. खोटे आहे. आपली गणना वेगळी. मृग ७-८ जूनला निघतो, आर्द्रा २१-२२ ला, रब्बी ज्वारी उत्तरा-हस्ताच्या ओलीवर. आमच्याकडे बेंदूर, वऱ्हाडात पोळा, लातूर-सोलापूरकडे येळवस. जन्म सांगताना आजी म्हणायची, प्लेगच्या साली, बहात्तरच्या दुष्काळात, कोयनेच्या धक्क्याच्या वर्षी. हा दिनविशेषच आहे. फक्त शाळेने तो मोजला नाही. शाळेत नाव घालायला नेले तेव्हा गुरुजींनी विचारले, तारीख? बापाने सांगितले, पेरणीच्या वेळेचा आहे. गुरुजींनी लिहिले १ जून. आजही गावातल्या मतदारयादीत १ जूनवाले मोजा, अर्धा वाडा निघेल. यात लाजायचे कारण नाही. माजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांचीही तीच गोष्ट: शाळेत घालायला आलेल्या काकांना खरी तारीख ठाऊक नव्हती, त्यांनी २७ ऑक्टोबर १९२० अशी सांगून टाकली आणि तीच कायम राहिली. दिनविशेषात त्यांची जयंती त्याच दिवशी येते. १९३३ साली त्याच २७ ऑक्टोबरला अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने खोतांविरुद्ध शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. पाच-सहा वर्षे जमिनी पडीक ठेवल्या, उपासमार सोसली, पण मागे हटले नाहीत. आणि १ जून? पुण्या-मुंबईची डेक्कन क्वीन १९३० साली, एसटीची पहिली गाडी १९४८ साली, हे वाचतात. २०१७ च्या १ जूनला पुणतांब्याच्या शेतकऱ्यांनी संप केला, शहराचे दूध-भाजी थांबवली. संप चरीपासून पुणतांब्यापर्यंत कसा आला, हे परीक्षेत विचारायला काय हरकत आहे?

म्हणून या बैठकीपुढे दोन कामे ठेवतो.

पहिले शाळेचे. शाळा व्यवस्थापन समितीत पालक बहुसंख्य असतात, हा कायदा आहे. समितीच्या सभेत सांगा, की महिन्यातून दोन दिवस दिनविशेषात शेतकऱ्याची तारीख घ्या आणि तारखेबरोबर एक 'का' विचारा. गुरुजींवर चढून जाऊ नका. बहुतेक गुरुजी आपल्याच घरचे आहेत, त्यांना छापील पुस्तक मिळते ते वाचतात. आपण दुसरा कागद दिला तर तो वाचतील. कागद देताना मात्र तारीख खात्रीची हवी. मोबाइलवर आलेली ओळ तशीच उचलून दिली आणि ती चुकीची निघाली, तर पुढची दहा वर्षे आपले कोणी ऐकणार नाही. दोन ठिकाणी पडताळल्याशिवाय देऊ नका.

दुसरे गावाचे. चावडीत किंवा सोसायटीत एक वही टांगा. तिच्यात पहिला पेरणीजोगा पाऊस, पेरणी, खंड सुरू झाला तो दिवस आणि संपला तो दिवस, गारपीट, सापळ्यात गुलाबी बोंडअळीचे पतंग रोज आठाच्या वर सलग तीन दिवस आले ती तारीख, कापसाची पहिली वेचणी, ज्वारीची काढणी, आणि कोणत्या दिवशी कोणत्या बाजारात काय भाव मिळाला. लिहिणाऱ्याची सही, शेजारी आणखी दोघांच्या. नववी-दहावीच्या पोरापोरींना हे काम द्या, त्यांचे अक्षर आपल्यापेक्षा बरे असते.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने आपल्या भागातल्या निदान दोन तारखा आणाव्यात: मोर्चा, संप, लिलाव अडवला तो दिवस, गोळीबार, बाजार बंद पाडला तो दिवस. सोबत पुरावा हवा. जुने वर्तमानपत्र, पावती, पंचनामा, कोर्टाचा कागद, काहीही चालेल. मूळ कागद कोणाच्या हातात देऊ नका, झेरॉक्स आणा, आणि मागे गाव, तालुका, सांगणाऱ्याचे वय लिहा. १२ मे, २७ ऑक्टोबर, १ एप्रिल, ६ एप्रिल आणि १९ ऑगस्ट या पाच मी यादीत घालून ठेवल्या आहेत. मे महिन्यातल्या तारखा शाळेला सुट्टी असल्याने जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात वाचायला सांगू. विदर्भात शाळा उशिरा उघडते, तिकडे शेवटच्या आठवड्यात.